ऑपरेशननंतरचा तिसरा रमजान

मगरीबच्या अजानीला दोन-तीन मिनिटं उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी, सरबताचे ग्लास मांडलेले असतात. घरातली पोरं मशिदीच्या भोंग्याकडे कान लावून बसलेली असतात. अशा वेळी आमचे अब्बा सगळ्यात शेवटी येऊन बसतात. त्यांची ताटली वेगळी असते. एक खजूर, वाटीभर मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं आणि ताटलीच्या कडेला एक कॅप्सूल. अजान झाली की आम्ही रोजा सोडतो. अब्बा पहिला घास घेतात आणि त्याबरोबर कॅप्सूल गिळतात. त्यांचा रोजा नसतो.

वयाच्या नवव्या वर्षापासून अब्बांनी रोजे धरले. ऐन उन्हाळ्यात, दुकानात पत्र्याखाली बसून, ईदच्या कपड्यांची घाई असताना धरले. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांचा एकही रोजा सुटला नव्हता, असं अम्मी अभिमानाने सांगते. यंदाचा हा ऑपरेशननंतरचा तिसरा रमजान. रोजा न धरता रमजान कसा पाळायचा, हे अब्बा शिकले आहेत. पण ते शिकायला त्यांना आणि आम्हाला जी किंमत मोजावी लागली, ती दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून हा लेख.

साधी कावीळ नव्हती

अब्बांचं खर्ड्याच्या पेठेत शिलाईचं दुकान आहे. गावात त्यांना सगळे ‘मास्टर’ म्हणतात. बकरी ईदच्या आधी त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. पोटात दुखत नव्हतं, ताप नव्हता. लघवी गडद, अंगाला खाज, भूक गेलेली. कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं तेच झालं. कुणी झाडपाल्याचं औषध सुचवलं, कुणी पथ्य सांगितलं. तीन आठवडे त्यात गेले. शेवटी जामखेडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, “वेळ घालवू नका, पुण्याला जा.”

पित्तनलिका लहान आतड्यात उघडते, त्या तोंडाशी गाठ होती. त्या गाठीने पित्ताची वाट अडवली होती, म्हणून कावीळ. वेदना नसलेली आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी कावीळ चाळिशी-पन्नाशीनंतर दिसली, तर ती नेहमीची कावीळ समजू नये, हा आमचा पहिला धडा.

बकरी ईद झाली आणि अब्बांचं ऑपरेशन झालं. खर्चाचा मोठा भाग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून गेला. डॉक्टरांनी त्या शस्त्रक्रियेचं नाव सांगितलं, ‘व्हिपल’. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवी असलेली, वीतभर लांबीची ग्रंथी. तिचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा तुकडा आणि कधी जठराचा काही भाग, एवढं सगळं एकमेकांना इतकं चिकटून असतं की गाठ त्यातल्या कुठल्याही भागात असली तरी सगळंच काढावं लागतं. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर हे तिन्ही लहान आतड्याला नव्याने जोडतात.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून हे समजावलं, तेव्हा अब्बा म्हणाले, “म्हणजे तीन जोड. कापड जुनं, शिलाई नवी.” डॉक्टर हसले. पण अब्बांनी त्या एका वाक्यात पुढच्या तीन वर्षांचं दुखणं सांगितलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

माणूस जगतो, म्हणून पुढचे प्रश्न

या ऑपरेशनचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत वॉल्टर काउश यांनी १९०९ साली असं ऑपरेशन पहिल्यांदा दोन टप्प्यांत केलं. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ साली आपले रुग्ण वैद्यकीय जगासमोर मांडले आणि पुढे त्यांचंच नाव या शस्त्रक्रियेला चिकटलं. त्यानंतरची कितीतरी वर्षं हे ऑपरेशन म्हणजे जिवावरची उडी होती. साठ-सत्तरच्या दशकात चार रुग्णांपैकी एक ऑपरेशनमुळेच दगावत असे. आज ज्या मोठ्या केंद्रांत ही शस्त्रक्रिया नेहमी होते, तिथे हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आलं आहे. आपल्याकडे मुंबईच्या परळमधलं टाटा मेमोरियल रुग्णालय हे असंच एक केंद्र. तिथे डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. जिथे अशी ऑपरेशनं सतत होतात तिथे ती जास्त सुरक्षित होतात, हे जगभर दिसून आलेलं आहे.

पूर्वी रुग्ण वाचतच नसे, त्यामुळे त्याच्या पाचव्या वर्षी काय होतं हा प्रश्नच नव्हता. आता माणूस घरी येतो, टाके सुकतात, शेजारीपाजारी भेटून जातात आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो. खरं तर तिथून दुसरं प्रकरण सुरू होतं. ते वर्षानुवर्षं चालतं आणि ते रुग्णालयात कमी, घरात जास्त घडतं.

आपल्या खर्ड्याची लढाई सगळ्यांना माहीत आहे. ११ मार्च १७९५ ला मैदानातली झुंज झाली. पण निर्णय लागला तो नंतर, निजामाचं सैन्य इथल्या किल्ल्यात अडकून अन्नपाण्याला महाग झालं तेव्हा. अब्बांच्या बाबतीत मला नेहमी हेच आठवतं. ऑपरेशनचा दिवस झुंजीचा होता. खरी परीक्षा नंतरच्या अन्नपाण्याची होती.

पँटची कंबर आणि मशीनचा खण

स्वादुपिंड दोन कामं करतं. एक, जेवण पचवणारे रस आतड्यात सोडतं. दोन, रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन बनवतं. ऑपरेशननंतर बहुतेक रुग्णांत पहिलं काम कमी-जास्त अडतं. खाल्लेलं, विशेषतः तेल-तूप, पचत नाही. पोट फुगतं. शौचाला पातळ, फिकट, तेलकट होतं, पाण्यावर तरंगतं, फार घाण वास येतो आणि पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहतं. आपल्याकडे ही गोष्ट बोलायची लाज वाटते. बापाने मुलाला सांगायची तर आणखीच. यावर औषध म्हणजे पाचक रसांच्या, एन्झाईमच्या कॅप्सूल. प्रत्येक जेवणाबरोबर, आणि जन्मभर.

अब्बांना घरी सोडताना त्या लिहून दिल्या होत्या. कशासाठी आणि कशा घ्यायच्या, हे मात्र नीट कुणी समजावलं नाही. चार-पाच कागदांच्या गठ्ठ्यात ते राहून गेलं. दोन महिने त्यांनी घेतल्या. मग आमच्या एका नातेवाईकाने मोबाईलवर वाचून सांगितलं की या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात.

ते खरं आहे. हे औषध जगभर तसंच बनतं. अब्बा त्या दिवशी काही बोलले नाहीत. रोज एक स्ट्रीप फोडल्यासारखं करायचे आणि खिशात टाकायचे. आम्हाला पत्ता नव्हता. वजन उतरत होतं, पण मोठ्या ऑपरेशननंतर असं होणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

उलगडा केला तो अम्मीने. कपडे वाळत घालताना तिच्या लक्षात आलं की अब्बांच्या पँटच्या कमरेला आतून नवी टीप आहे. एका पँटला नाही, तिन्ही पँटना. त्यांनी दुकानात बसून स्वतःच्याच पँटची कंबर चौतीसची एकतीस केली होती, मग एकतीसची एकोणतीस. मशीनच्या खणात, बॉबिन आणि खडूच्या खाली, कॅप्सूलच्या अकरा स्ट्रिपा निघाल्या. चौसष्ट किलोचा माणूस बावन्न किलोवर आला होता. अम्मी रडली नाही. एवढंच म्हणाली, “इत्ता कायकू छुपाया?”

मौलानांचे तीन प्रश्न

मी अब्बांना घेऊन आमच्या मौलानांकडे गेलो. तेव्हा रमजानला महिनाभर होता. अब्बांच्या दुकानाशेजारी किराणा दुकान असलेले तात्या बरोबर आले. तात्या माळकरी. गेली कित्येक वर्षं आषाढीची वारी चुकवलेली नाही. आणि तेही अस्वस्थ होते. “कॅप्सूलचं वरचं कवच जिलेटिनचं असतं म्हणतात, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं. मी तर गुडघ्यासाठी दोन वर्षं घेतोय,” असं ते वाटेत म्हणाले. म्हणजे प्रश्न एकट्या अब्बांचा नव्हता.

मौलानांनी लगेच निवाडा दिला नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. हे औषध नाही घेतलं तर काय होईल? तेवढंच काम करणारं दुसरं औषध मिळतं का? आणि हे सांगणारा डॉक्टर भरवशाचा आहे का? आम्ही फोनवर डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून दिलं. डॉक्टर म्हणाले, बुरशीपासून बनवलेले पाचक रस बाजारात आहेत, पण या कामाला ते तितके पुरे पडत नाहीत. आणि हे थांबवलं तर माणूस जेवत असून उपाशी राहील.

मौलाना अब्बांना म्हणाले, कुरआनात सूरह बकरामध्ये जिथे डुकराचं मांस हराम असल्याचं सांगितलं आहे, त्याच आयतीत नाइलाज झालेल्या माणसाला गुन्हा नाही असंही सांगितलं आहे. मनात हाव नको आणि गरजेपेक्षा जास्त नको, एवढीच अट. “तुम्ही चवीसाठी खात नाही, जिवासाठी घेता. जीव ही अमानत आहे मास्टर, ती सांभाळणं तुमच्यावर फर्ज आहे.”

बाहेर आल्यावर तात्यांनी अब्बांच्या पाठीवर हात ठेवला. “ऐकलंस ना? आमचा पांडुरंगही कॅप्सूल फोडून बघत नसेल रे.” त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला अब्बांनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर कॅप्सूल घेतली.

सगळ्यांना असाच कौल मिळेल असं नाही, आणि मी फतवा सांगणारा नाही. माझं म्हणणं इतकंच की, मनात अडलं तर औषध गुपचूप बंद करू नये. आपल्या धर्मातल्या जाणत्या माणसाला आणि डॉक्टरला एकमेकांशी बोलू द्यावं. मुसलमान असो, माळकरी असो, जैन असो, ही अडचण लाजेची नाही. लपवणं मात्र महागात पडतं.

आणि घेण्याचीही रीत आहे. कॅप्सूल जेवणाआधी तासभर नाही आणि जेवण संपल्यावरही नाही. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण लांबलं किंवा दोन लिहून दिल्या असतील तर दुसरी मध्यावर. चावायची नाही. गरम चहा-दुधाबरोबर घ्यायची नाही. जेवण मोठं तर मात्रा जास्त, चहा-बिस्किटाला कमी. ती मात्रा डॉक्टर ठरवतात. एवढं करूनही फरक पडला नाही तर पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी जोडली जाते. तेल-तूप पूर्ण बंद करण्याची गरज नसते. कॅप्सूल पुरेशा असतील तर खावं आणि वजन भरावं.

अब्बांचं वजन चार महिन्यांत सात किलो वाढलं. पँटची टीप उसवली गेली. पण त्या चार महिन्यांच्या मध्ये रमजान येऊन गेला, आणि तो सहज गेला नाही.

नववा रोजा

त्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला. डॉक्टरांनी रोजा धरू नका असं सांगितलं होतं. अब्बांनी मान हलवली होती. पण पहिल्या दिवशी सहेरीला ते आमच्या आधी उठून बसले होते. “दोन धरून बघतो, जमलं नाही तर सोडीन,” म्हणाले. दोनचे चार झाले, चारचे आठ. घरात कुणाची हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर आम्हाला बरंही वाटत होतं. अब्बा रोजा धरताहेत म्हणजे अब्बा बरे झाले.

नवव्या रोजाला असरच्या सुमाराला दुकानात त्यांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. बाहेर रणरणतं ऊन, आणि माणूस थरथर कापतोय. शेजारून तात्या धावत आले. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं रोज्याने अशक्तपणा आला. घरी आणून गोधडी घातली. अर्ध्या तासात थंडी थांबली, ताप चढला, घाम आला, आणि अब्बा म्हणाले, “आता बरं वाटतंय. इफ्तारला दोनच तास उरलेत.” त्यांनी रोजा तोडला नाही आणि आम्हीही तोडायला लावला नाही. रात्री पुन्हा थंडी. सकाळी डोळे पिवळे.

पित्तनलिकेचा आतड्याशी केलेला जोड आकसला होता. पित्त तुंबलं होतं आणि त्यात जंतुसंसर्ग झाला होता. अशा ऑपरेशननंतर ही अडचण फार जणांना येत नाही, पण येते ती अशीच उशिरा, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी, सगळं विसरल्यावर. जंतू रक्तात पसरले तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. पुण्याला पोचेपर्यंत अब्बांचा रक्तदाब खाली गेला होता. डॉक्टर म्हणाले, “थंडी वाजली तेव्हाच यायला हवं होतं.”

नेहमीच्या काविळीत तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका मोकळी करतात. पण व्हिपलनंतर आतली वाटच बदललेली असते, त्यामुळे ते सहज जमत नाही. अब्बांच्या बरगडीखालून, कातडीतून यकृतात बारीक नळी घालून तुंबलेलं पित्त बाहेर काढलं. संसर्ग उतरल्यावर त्याच वाटेने फुगा नेऊन आकसलेला जोड रुंद केला. जोड पुन्हा आकसू नये म्हणून नळी काही महिने ठेवली. त्या वर्षी ईदच्या नमाजला अब्बा आले ते झब्ब्याखाली पित्ताची पिशवी बांधून. गळाभेट घेताना सगळ्यांना एका बाजूनेच मिठी मारत होते.

या आजारात रोज्याने जोड आकसला असं नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. तो आकसायचा होताच. पण रोज्याने एक गोष्ट केली. त्याने लक्षणाला झाकून टाकलं. थंडी, अशक्तपणा, गडद लघवी, चक्कर, या प्रत्येकाला आम्हाला ‘रोजा आहे म्हणून’ असं उत्तर मिळत गेलं.

आणखी काय काय होऊ शकतं

पुण्याच्या त्या वॉर्डात आणि नंतरच्या फेऱ्यांत बाकीच्या गोष्टीही कळत गेल्या.

साखर. व्हिपल झालेल्यांपैकी साधारण सहात एकाला नव्याने मधुमेह होतो. आधीपासून असेल तर वाढतो. स्वादुपिंडाची शेपटी काढली तर शक्यता अधिक, आणि अख्खं स्वादुपिंड काढलं तर इन्सुलिन जन्मभर लागतंच. हा मधुमेह नेहमीच्यापेक्षा लहरी असतो. कारण साखर उतरवणारं इन्सुलिन जसं कमी होतं, तसं उतरलेली साखर वर आणणारं ग्लुकागॉनही कमी होतं. साखर एकदम खाली जाते आणि सावरायला शरीराकडे आधार नसतो. असा माणूस इन्सुलिन घेऊन बारा-तेरा तास उपाशी राहिला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

जठर. काहींचं जठर हळू रिकामं होतं, दोन घासांत पोट भरतं. काहींचं उलट, गोड सरबत पोटात जाताच ते धाडकन आतड्यात उतरतं आणि धडधड, घाम, जुलाब सुरू होतात. जठराच्या जोडापाशी व्रणही होतो. काळी, डांबरासारखी शौच झाली तर आत रक्तस्राव होतोय असं समजावं. अशा रुग्णाने तंबाखू, बिडी आणि दुकानातून मनाने घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या यांच्यापासून दूर राहावं.

हाडं आणि रक्त. चरबी पचली नाही की तिच्याबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही वाया जातात. लहान आतड्याचा जो पहिला भाग काढलेला असतो, तिथूनच लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं. तपासून गोळ्या घ्याव्या लागतात.

पांथरी. स्वादुपिंडाची शेपटी काढताना पुष्कळदा पांथरी, म्हणजे प्लीहाही काढतात. तिच्याशिवाय माणूस जगतो, पण काही जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी घेतल्या आहेत का, हे विचारावं. अशा माणसाचा ताप ‘बघू उद्या’ म्हणण्याचा नसतो.

आणि मूळ आजार. गाठ कर्करोगाची असेल तर तपासण्या ठरल्या वेळी कराव्याच लागतात. पोटाच्या टाक्यांपाशी हर्निया होतो, आतडी चिकटून अडतात, तेही लक्षात ठेवायचं.

अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांचं उदाहरण जगाला माहीत आहे. २००४ साली त्यांचं हेच ऑपरेशन झालं. त्यांचे चरित्रकार वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहून ठेवलं आहे की, जॉब्स यांना तरुणपणापासून उपवासाची आणि एकच एक पदार्थ खाण्याची सवय होती, आणि ऑपरेशननंतर शरीराला वारंवार, प्रथिनांनी भरलेलं अन्न हवं असताना ती सवय आड आली. पुढे कर्करोग पसरला, यकृत बदलावं लागलं आणि २०११ मध्ये ते गेले. पैसा आणि डॉक्टर यांची त्यांना कमी नव्हती. पण ताटासमोर बसायचं ते शेवटी ज्याचं त्यालाच.

स्वस्तातली तपासणी

खर्ड्यातून पुणं लांब आहे. दर वेळी गाडी, मुक्काम, बुडालेला रोज. म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, घरी आम्ही काय बघायचं? ते म्हणाले, “वजनकाटा घ्या.”

आपल्या जामखेड तालुक्याला हे नवीन नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं, त्यासाठी १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. बाळाचं वजन नियमित करा, ते थांबलं की आजार आधी कळतो, हे त्या बायका घरोघर सांगत. जे बाळाला लागू, तेच अब्बांना. आता दर शुक्रवारी, जुम्म्याची अंघोळ झाली की अब्बा काट्यावर उभे राहतात आणि आकडा दुकानाच्या वहीत मापांच्या पानाशेजारी लिहितात. महिन्यात दोन किलो उतरले तर फोन करायचा, असं ठरलं आहे. गेल्या दोन वर्षांत असा फोन एकदा करावा लागला, तेव्हा कॅप्सूलची मात्रा वाढवून भागलं.

सवलत हीसुद्धा इबादतच

गेल्या रमजानच्या आधी अब्बा स्वतःहून मौलानांकडे गेले. एकटे. परत आल्यावर म्हणाले, “या वर्षीपासून फिदिया देणार.” सूरह बकरामध्ये जिथे रोजे फर्ज झाल्याचं सांगितलं आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट दिलेली आहे. बरं झाल्यावर धरता येतील तर नंतर धरावेत. बरं होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोज्याबद्दल एका गरिबाला जेवण द्यावं. अल्लाह तुमच्यासाठी सोपं करू इच्छितो, अवघड नाही, हे त्याच ठिकाणी सांगितलं आहे.

हे सगळं अब्बांना आधीही माहीत होतं. इतरांना त्यांनी ते अनेकदा सांगितलं होतं. पण सूट स्वतःच्या वाट्याला आली की ती घ्यायला मन तयार होत नाही. आपण कमी पडलो असं वाटतं. रमजानमध्ये दिवसा तोंड हलवताना कुणी पाहील याची शरम वाटते. मला वाटतं, अब्बांचे ते नऊ रोजे भक्तीचे होते तितकेच त्या शरमेचेही होते.

आता दुपारी एक वाजता ते दुकानाचा पडदा ओढतात आणि डबा उघडतात. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, हा त्यांचा नियम आहे आणि तो रमजानमध्येही मोडत नाहीत. तात्या त्याच वेळी आपला डबा घेऊन पडद्याआड येतात. एकादशी असली तर शेंगदाणे घेऊन येतात. सहेरीला अब्बाच आम्हाला उठवतात, तरावीहला खुर्चीवर बसून नमाज पढतात, आणि फिदियाचं धान्य स्वतः मापून पोचवतात. परवा मी विचारलं, चुकल्यासारखं वाटतं का? मशीनवरून मान वर न करता म्हणाले, “वाटतं. पण गिऱ्हाइकाचं माप बदललं की कपडा बदलावा लागतो. जुन्या मापाचा शिवून दिला तर तो अंगाला बसेल का?”

हे कापून ठेवा

स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालेला माणूस घरात असेल तर:

• थंडी वाजून ताप, पिवळे डोळे, गडद लघवी: त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. रोजा असेल तर सोडावा. इफ्तारची वाट पाहू नये.

• काळी शौच, रक्ताची उलटी, पोट फुगून उलट्या आणि शौच-वारा बंद: तातडीने रुग्णालय.

• घाम, थरथर, बडबड, गुंगी: साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी किंवा ग्लुकोज द्यावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावं.

• तेलकट, तरंगणारी शौच आणि उतरतं वजन: कॅप्सूल घेतल्या जातात का, योग्य वेळी घेतल्या जातात का, हे आधी पाहावं. मग डॉक्टरांना विचारावं.

• पांथरी काढली असेल तर लसींची नोंद जवळ ठेवावी. कुठलाही ताप दुर्लक्षू नये.

• ऑपरेशनचा कागद, काय काढलं आणि काय जोडलं त्याच्या नोंदीसह, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा. रात्री-अपरात्री नवख्या डॉक्टरला तो फार उपयोगी पडतो.

• रोजा, एकादशी, नवरात्र, पर्युषण, कुठलाही उपवास धरण्याआधी महिना-दीड महिना डॉक्टरांशी बोलावं. रोजा धरायला परवानगी मिळालीच, तर साखर तपासण्यासाठी बोटाला सुई टोचल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमा सांगतात. म्हणून तपासणी टाळू नये.